निव्वळ लाल दिव्याखाली डेंड्रोबियमची रोपे लांबट का होतात?

पांढऱ्या ट्यूबलाइट काढून निव्वळ लाल एलईडी पट्ट्या लावल्यापासून बाटलीत ऊतिसंवर्धनाने वाढवलेली डेंड्रोबियम या ऑर्किडची रोपे उंच, पण फिकट आणि लुळी वाढत आहेत, तेव्हा माध्यमातील (म्हणजे बाटलीतल्या पोषक मिश्रणातील) वाढीच्या संप्रेरकांचे प्रमाण कमी करावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की संप्रेरकांना इतक्यात हात लावू नये, कारण आपण सांगितलेली लक्षणे निळ्या प्रकाशाच्या अभावाशी जुळतात.

६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश हरितद्रव्य चांगला शोषून घेते. मात्र खोड आखूड ठेवणे, पान जाड करणे, पर्णरंध्रे उघडणे हे संदेश रोपाला मुख्यतः ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशातून मिळतात, आणि तो नसला की रोप सावलीत सापडल्यासारखे ताणत जाते. बाटलीत लिटरमागे २० ते ३० ग्रॅम साखर असल्यामुळे ते उपाशी राहत नाही. म्हणूनच तेथे प्रकाशाचा रंग अन्नापेक्षा इशारा म्हणून अधिक काम करतो.

रंगांची तुलना करताना लक्समीटरवर विसंबू नका, ही माझी कळकळीची विनंती. ते यंत्र माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला झुकते माप देते, त्यामुळे फोटॉनांची संख्या तेवढीच असूनही लाल दिव्याखालचा आकडा पांढऱ्याच्या साधारण एक दशांश दिसतो. असाच कमी आकडा पाहून मी एकदा दिवे खाली आणले होते. आठवड्याभरात वरच्या पानांच्या कडा पांढुरक्या पडल्या आणि त्या बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. फोटॉनांची संख्या मोजणारा क्वांटम मीटर मिळवून लाल आणि मिश्र प्रकाशाच्या दोन्ही कप्प्यांवर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे ४० मायक्रोमोल फोटॉन आणि १६ तासांचा दिवस ठेवा.

तीन भाग लाल आणि एक भाग निळा, किंवा साधा पांढरा एलईडी, यांपासून सुरुवात करावी. फॅलेनॉप्सिस, सिंबिडियम आणि आपली सीतेची वेणी या इतर ऑर्किडांना एकच प्रमाण मानवेल असे मात्र धरू नये.

निळा वाढवल्यावर एक काळजी घ्यावी. माध्यमातील लोह-ईडीटीए (लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) निळ्या आणि अतिनीलालगतच्या प्रकाशात विघटित होते, म्हणून तयार माध्यमाच्या बाटल्या वापरेपर्यंत अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर प्रथम लोहाची शंका घ्यावी.

एकाच दिवशी पुनर्रोपण केलेल्या दहा बाटल्या मिश्र प्रकाशाखाली हलवा, दहा आहेत तेथेच राहू द्या, आणि त्यानंतर फुटलेल्याच पानांची लांबी मोजा. आधीची ताणलेली पाने काही आखूड होणार नाहीत.