इंग्रजीतल्या 'फायर' शब्दाचे किती अर्थ आहेत आणि कुठं कुठला वापरायचा?

डिक्शनरी उघडलीत तर पानभर मिळतील, ते इथं उतरवत बसत नाही. पण यातल्या एका अर्थावरून आमच्या घरात महाभारत झालंय म्हणून लिहितोय.

मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत होतो, तिथं दिवसभर हाच शब्द कानावर. कपोला म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, तिला आतून अस्तर फायर ब्रिकचं, म्हणजे जळणारी वीट नव्हे, उलट धग सोसणारी. माल न्यायला आलेला ड्रायव्हर म्हणायचा 'मिसफायर मारतंय ओ', म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 म्हणजे चार सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटणार ते. खानापूरचे कुंभार भट्टीत भांडी भाजतात ते फायरिंग आणि इकडं मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला रिक्रूट गोळ्या झाडतात तेही फायरिंगच.

आता मुद्द्याचं. ऑर्डरी आटल्या, आधी एक शिफ्ट बंद झाली, मग आम्हा काही जणांना कमी केलं. महिन्याची नोटीस, सर्व्हिसच्या दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणं चोख हिशेब दिला. आणि आमचे साडू, पुण्याला आयटीत, शहापूरच्या एका लग्नात पंगतीत मांडे वाढत होते तेव्हा सासऱ्यांसमोर मोठ्यानं म्हणतात, 'ह्यांना कंपनीनं फायर केलं.' सासऱ्यांनी विचारलं फायर म्हंजे काय, तर 'हाकललं!' शेजारचे मामा लगेच, 'का ओ, चोरीबिरी केली की काय?'

आता सांगा, त्यांना काय समजावायचं? फायर म्हणजे माणसाच्या चुकीमुळं काढणं. हा अर्थ 1880 च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला, बंदूक झाडणं म्हणजेही 'डिस्चार्ज' आणि नोकराला काढणं म्हणजेही 'डिस्चार्ज', त्यावरून केलेली ती कोटी असावी. कामच उरलं नाही म्हणून कमी केलं तर तिकडं 'लेड ऑफ' म्हणतात, आपल्या कायद्यात त्याला रिट्रेंचमेंट. आपल्याकडचा ले-ऑफ आणखी वेगळा, त्यात काम तात्पुरतं बंद, नाव मस्टरवर राहतं आणि निम्मा पगार मिळतो. एवढं इंग्रजी फाउंड्रीतल्या हेल्परलाही कळतंय की. नंतर साडूंच्याच कंपनीनं त्यांच्यासकट अर्धी टीम घरी बसवली, तेव्हा सासऱ्यांना फोनवर काय सांगितलं माहितीय? 'रिस्ट्रक्चरिंग झालं.'

तुम्हीही कुणाबद्दल फायर म्हणायच्या आधी कारण विचारून घ्या. हां, पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफचा तो नियम लागत नव्हता, आणि आता कामगारांसाठी नवीन कायदा, म्हणजे लेबर कोड आलाय, त्यामुळं पैशाचं प्रकरण असेल तर लेबर ऑफिसात जाऊन विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

परीक्षेसाठी विचारत असाल तर प्रश्नांची सरबत्ती करणं हाही अर्थ लिहून ठेवा. आणि पोरं मेसेजात टाकतात त्या फायरचं मला विचारू नका, आमची पोरगी मिसळीलाही फायर म्हणते.