खेळांचं पॅकेज घ्यावं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मी फक्त आयपीएल बघतो. वर्षाचा प्लॅन घेऊ का? (सातारा)

उत्तर : घेऊ नका. आयपीएल दोन-सव्वादोन महिन्यांत संपते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयपीएल दाखवणारं जिओहॉटस्टार ॲप सुरू झालं तेव्हा मोबाइलचा तीन महिन्यांचा प्लॅन १४९ रुपयांना होता, वर्षाचा ४९९ ला. दर बदलत राहतात, त्यामुळे आजचा भाव ॲपवर बघा. त्याआधी तुमच्या रिचार्जमध्येच सबस्क्रिप्शन मिळतंय का, तेही तपासा. मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. महिला प्रीमियर लीग, आयपीएल आणि प्रो कबड्डी असं सगळं मनापासून बघणारं घर असेल, तर वर्षाचे पैसे नक्की वसूल होतात.

प्रश्न : मुलाला फुटबॉल, मुलीला फॉर्म्युला वन, मला क्रिकेट. तीन-तीन ठिकाणी पैसे भरायचे? (डोंबिवली)

उत्तर : प्रेक्षकांची खरी अडचण हीच आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. २०२५ मध्ये इंग्लंडमधली फुटबॉलची प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर, युरोपातल्या फुटबॉल क्लबांची चॅम्पियन्स लीग सोनी लिव्हवर आणि फॉर्म्युला वन फॅनकोडवर, अशी वाटणी होती. तिन्ही वर्षभर चालू ठेवू नका. चॅम्पियन्स लीगचे बाद फेरीचे सामने फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत असतात. सोनी लिव्ह तेवढ्यापुरतं घ्या. फॅनकोडवर एका शर्यतीपुरता पास मिळतो. मुलगी सगळ्या शर्यती बघते की मोजक्याच, हे तिलाच विचारा.

प्रश्न : वडिलांना ॲप जमत नाही. त्यांना भारताचे सामने तेवढे हवेत. (परभणी)

उत्तर : मग एक रुपयाही महिन्याला भरू नका. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. त्यामुळे भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने डीडी स्पोर्ट्सवर दिसतात, पण ते डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे केबलवाल्याला डीडी स्पोर्ट्सवरचं हे प्रक्षेपण दाखवता येत नाही. छत्री आणि बॉक्स एकदा बसवला की मासिक भाडं नाही. आयपीएल मात्र डीडी स्पोर्ट्सवर मिळणार नाही.

प्रश्न : स्पर्धा संपली तरी पैसे कापले जातात. (नाशिक)

उत्तर : ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून तिथली परवानगी रद्द करा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती वाचल्याशिवाय पुसू नका.