तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं : प्याद्याचा घोडा की वजीर?

(या वेळचे प्रश्न बुद्धिबळाच्या वेगळ्या डावांबद्दल. उत्तरं देणाऱ्या बाई रामबागेत राहतात. इंदूरच्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या.)

प्रश्न : बाई, नातू मोबाइलवर बुद्धिबळ शिकला. माझं प्यादं घोड्याच्या पट्टीतून शेवटच्या घरात पोहोचलं की मी घोडा घेतो, तो म्हणतो वजीर घ्या. राजा एकदा घोड्यासारखा उडवला तर म्हणतो, "आजोबा, चीटिंग!" शिवाय सुरुवातीच्या खेळ्या त्याला पाठ. मी तिथेच मार खातो. काय करावं?
— एक आजोबा, राजेंद्रनगर

उत्तर : चीटिंग कसली? तुम्ही खेळता तो आपल्याकडचा जुना देशी डाव. त्यात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालायचं, ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोहोचेल तेच मोहरं व्हायचं. किल्लेकोट (राजा-हत्ती एकाच खेळीत हलवायचं कॅसलिंग) नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी, तीही शह बसायच्या आधी. बारीकसारीक नियम गावोगाव बदलायचे. पंजाबचा मीर सुलतान खान याच पद्धतीत तयार झाला, मग विलायती नियम शिकला आणि १९२९, १९३२, १९३३ असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं. नातवाला हे जरूर ऐकवा. मात्र कोणते नियम ते पट मांडायच्या आधी ठरवा. प्यादं शेवटाला टेकल्यावर नियम बाहेर काढलात, तर मी नातवाच्या बाजूने.

पाठांतरावरचा उपाय अमेरिकेचा जगज्जेता बॉबी फिशर याने काढून ठेवलाय. १९९६ मध्ये ब्यूनस आयर्सला त्याने हा डाव जाहीर केला. प्यादी जागच्या जागी, पण मागची रांग नशिबाने लावायची. अटी दोनच : दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये. काळ्याने पांढऱ्याची रांग समोरासमोर तशीच मांडायची. ॲपची गरज नाही, सापशिडीचा फासा पुरतो. रांगेतल्या काळ्या घरांपैकी एकात पहिला उंट. घरं चारच, म्हणून पाच-सहा पडले तर फासा पुन्हा टाका. तसाच पांढऱ्या घरात दुसरा. उरलेल्या सहा घरांपैकी एकात वजीर. मग पाचांतून एका घोड्याचं घर, चारांतून दुसऱ्याचं. राहिलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती आपोआप बसतात. हिशेब दिल्याशिवाय मला राहवत नाही : ४ × ४ × ६ × १० = ९६०. घोड्यांचे दहाच का? ५ × ४ म्हणजे २०, पण दोन्ही घोडे सारखेच, म्हणून निम्मे. म्हणूनच या डावाला चेस ९६० म्हणतात. आपली नेहमीची मांडणीही त्यातलीच एक.

किल्लेकोट केला की राजा-हत्ती नेहमीच्याच घरांत येऊन बसतात, निघाले कुठूनही असोत. आणि पहिली खेळी करण्याआधी बघून घ्या, कुठल्या प्याद्याला कोणाचाच जोर नाही. नेहमीच्या मांडणीत असं प्यादं नसतं, इथे बऱ्याचदा असतं. नातू सवयीने तिकडे बघणार नाही. तुम्ही बघा.

प्रश्न : सुट्टीत आमच्या टाउनशिपमधली चार मुलं दोन पट घेऊन बसतात. हरलेला उठून जातो, मग भांडणं. चौघांचा मिळून एखादा डाव आहे का?
— एक आई, निपानिया

उत्तर : आहे, बगहाउस. दोघादोघांच्या जोड्या. जोडीदार शेजारी बसतात, एकाकडे पांढरी मोहरी, दुसऱ्याकडे काळी. तुम्ही मारलेलं मोहरं जोडीदाराच्या हातात द्यायचं. तो आपल्या पाळीला खेळी करण्याऐवजी ते पटावरच्या रिकाम्या घरात उतरवू शकतो. प्यादं पहिल्या आणि शेवटच्या रांगेत उतरवता येत नाही. प्याद्याचा वजीर झाला असेल आणि तो मारला गेला, तर पलीकडे प्यादंच जातं. कोणत्याही एका पटावर मात झाली की दोन्ही डाव संपले, त्यामुळे मधूनच उठून जाण्याचा प्रश्न मिटतो.

घड्याळं मात्र हवीतच. नाही तर मात दिसू लागलेलं पोर शेजारून एखादं मोहरं येईपर्यंत ढिम्म बसून राहतं. जोडीदारांना बोलायची मुभा असते : "घोडा दे, घोडा! वजीर देऊ नकोस!" तुमच्या दुपारच्या झोपेची हमी मी देत नाही.

प्रश्न : भाची 'ॲटॉमिक' खेळते. तिने आपला राजा माझ्या राजाला चिकटवला आणि म्हणाली, आता शह नाही. असं कसं?
— एक मामा, सुदामानगर

उत्तर : भाची बरोबर आहे. या डावात मोहरं मारलं की स्फोट होतो. मारणारं जातं, मरणारं जातं आणि भोवतालच्या आठ घरांतली सगळी मोहरीही जातात. प्यादी तेवढी वाचतात. स्वतःचा राजा उडेल अशी खेळी करता येत नाही, म्हणून राजा स्वतः कोणालाच मारू शकत नाही. राजे शेजारी असले की तुमचा राजा मारताना तिचाही उडणार. मग शह देणार कोण? आधी तिचा राजा दूर जायला भाग पाडा. मला स्वतःला हा डाव फार आवडत नाही, दोन खेळ्यांत निम्मा पट रिकामा होतो. पण राजांच्या या गळाभेटीची कल्पना भन्नाट आहे.

प्रश्न : हरण्यासाठी खेळायचं बुद्धिबळ खरंच असतं, की मित्र चेष्टा करतात?
— दहावीतला एक विद्यार्थी, महू

उत्तर : असतं. मारता येत असेल तर मारलंच पाहिजे, राजाला काही खास मान नाही, आणि ज्याची सगळी मोहरी आधी संपतील तो जिंकला. मार्क वॉटकिन्स या गणितज्ञाने २०१६ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं की पांढऱ्याने राजापुढचं प्यादं एक घर सरकवून सुरुवात केली, तर विजय त्याचाच. तेच प्यादं, किंवा वजिरापुढचं, सवयीने दोन घरं सरकवलं तर अचूक खेळणारा काळा नक्की जिंकतो. मित्राला पांढरी मोहरी द्या आणि गप्प बसा.