अडथळा आला म्हणजे देवाने नकार दिला का?

“मॅडम, एकामागून एक विघ्नं येताहेत. हे मूल आमच्या नशिबात नाही, असंच देव सुचवतोय का?”

परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या मराठी जोडप्यांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून सतत ऐकते. शब्द बदलतात, काळजी तीच असते. विचारणारी माणसं भोळी नसतात. कुणी इंजिनिअर असतं, कुणी डॉक्टर. पण वाट लांबत गेली आणि आपल्या हातात काही उरलं नाही, की शिकलेलं माणूसही खुणा वाचू लागतं. म्हणून एका जोडप्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. नावंही बदललेली: मीरा आणि सुहास.

दोघं न्यू जर्सीत राहणारे, अमेरिकेचे नागरिक, ओसीआय कार्डधारक (म्हणजे भारतीय मुळाचे परदेशी नागरिक). नोंदणीच्या दिवशी दोघांचं मिळून वय ९३ होतं. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत असेल तरच दोन वर्षांपर्यंतचं बाळ मिळू शकतं. ९० पर्यंत दोन ते चार वर्षांचं, १०० पर्यंत चार ते आठ वर्षांचं. म्हणजे तान्ह्या बाळाचं स्वप्न नोंदणीच्या अर्जावरच संपलं होतं. त्याबद्दल दोघांपैकी कुणीही रडलं नव्हतं. “नियम आहे, काय करणार” म्हणून पुढे गेले होते. हे न रडलेलं दुःख पुढे प्रत्येक अडथळ्याच्या वेळी वर यायचं, आणि त्यांना वाटायचं की आपण फाइलसाठी रडतोय.

माझ्याकडे आले तेव्हा महाराष्ट्रातल्या एका दत्तक संस्थेतली पाच वर्षांची मुलगी त्यांना सुचवली गेली होती. एका कानाने कमी ऐकू येणारी. त्यांनी तिचा बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल डॉक्टरांना दाखवून होकार कळवला होता. त्यानंतर सगळं थांबल्यासारखं झालं. सांगलीला सुहासच्या आईंनी नृसिंहवाडीला नवस बोलला होता. मीराने भात सोडला होता.

“भात कधीपासून सोडलात?”

“तिचा फोटो आला त्या दिवसापासून. ती घरी आली की पहिला घास तिच्या हातून घेणार.”

“आणि मध्येच एखाद्या दिवशी चुकून खाल्लात तर?”

मीरा पटकन म्हणाली, “नाही हो, मग काही बिनसलं तर ते माझ्यामुळे.”

भात सोडण्याबद्दल मी काही बोलले नाही. श्रद्धा सोडायला सांगणं हे समुपदेशकाचं काम नाही, आणि व्रताने बळ मिळत असेल तर ते जरूर घ्यावं. आम्ही ‘माझ्यामुळे’पाशी थांबलो. तिच्या व्रताने तिला धीर द्यायचा, त्याऐवजी ते तिच्यावर पहारा ठेवू लागलं होतं. जिल्हाधिकारी कार्यालयातली फाइल हलणं न हलणं आपल्या ताटातल्या भातावर अवलंबून आहे, असं तिचं मन धरून बसलं होतं. ही जबाबदारी कुणालाच पेलणारी नाही. मी तिला एवढंच सुचवलं की व्रत ठेवायचं असेल तर ठेवा, पण कशासाठी ते ठरवून घ्या. मुलगी यावी म्हणून की ती येईपर्यंत तिची आठवण रोज राहावी म्हणून? तिने दुसरं निवडलं. भात तसाच बंद राहिला, पण झोप परत आली.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. घटना आणि घटनेबद्दल मन जे बोलतं ते, या दोन गोष्टी वेगळ्या करून कागदावर मांडल्या की अर्धं ओझं उतरतं, हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे. म्हणून दोघांकडून एक तक्ता करून घेतला. काय घडलं, ते कुणाच्या टेबलावर आणि का, आणि माझं मन काय म्हणालं.

पहिली नोंद: अमेरिकेच्या आय-८००-ए अर्जाच्या (परदेशातलं मूल दत्तक घ्यायला तुम्ही योग्य आहात, हे अमेरिकी सरकारकडून ठरवून घेण्याचा अर्ज) मंजुरीची मुदत संपली. कारण साधं होतं. ती मंजुरी पंधरा महिने चालते आणि तेवढ्यात त्यांना मूल सुचवलं गेलं नव्हतं. मुदतवाढीसाठी सप्लिमेंट ३ हा अर्ज असतो. तो मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत भरायचा आणि सोबत सुधारित होम स्टडी, म्हणजे घर आणि कुटुंब पाहून केलेला पाहणी अहवाल, जोडायची. त्यांनी उशीर केला, बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागले. मन म्हणालं होतं: “दार बंद झालं.”

दुसरी नोंद: मुलगी दत्तकासाठी मोकळी व्हायलाच इतके महिने का लागले? याचं उत्तर मी मुद्दाम सावकाश समजावलं. दोन वर्षांवरचं मूल बेवारस सापडलं तर बालकल्याण समितीला त्याला दत्तकासाठी कायदेशीर मोकळं ठरवायला चार महिन्यांपर्यंत मुदत असते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या बाबतीत दोन महिने. आईवडिलांनी स्वतः मूल सोपवलं असेल, तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. हा काळ मुलाचे जन्मदाते सापडतात का, किंवा त्यांचा विचार बदलतो का, ते पाहण्यासाठी असतो. मीरा म्हणाली, “म्हणजे तो उशीर तिच्यासाठीच होता.” हो, तिच्यासाठी.

तिसरी नोंद सर्वात ताजी. अमेरिकी दूतावासाचं कलम ५ चं पत्र आलं (देशोदेशींच्या दत्तकासाठीच्या हेग करारातलं हे कलम), कारा या भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र आलं, संस्थेने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात आणि कायद्यात त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. मुदत उलटली, कारण मीराचं नाव पासपोर्टवर सासरचं, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं आणि होम स्टडीत दोन्हींची सरमिसळ. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र न्यू जर्सीत नोटराइज करून, अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लावून पाठवायचं होतं. ही चूक इतकी नेहमीची आहे की दत्तकाचा विचार करणाऱ्या प्रत्येक विवाहितेने पहिल्याच दिवशी आपल्या सगळ्या कागदांवरची नावं एका ओळीत लिहून पाहावीत.

सुहासच्या तिसऱ्या रकान्यात इथे लिहिलं होतं: “आता पुरे. दत्त महाराजांच्या मनात नाही.”

मी त्याला विचारलं, “समजा उद्या सकाळी मेल आली. आदेश झाला, या आणि मुलीला घेऊन जा. पहिल्या क्षणी काय वाटेल?”

तो बराच वेळ गप्प होता. मीरा काही बोलणार होती, मी तिला हाताने थांबवलं.

“भीती,” तो म्हणाला. “ती पाच वर्षांची आहे. तिला सगळं कळतं. पाचच्या वरच्या मुलाची संमती घेतात ना? ती मला पाहून नाही म्हणाली तर?”

एवढे महिने जे ‘देवाचे संकेत’ म्हणून बोललं जात होतं, ते हे होतं. नकार वरूनच आला असेल, तर त्या मुलीच्या तोंडून तो ऐकावा लागणार नव्हता. मला वाटतं, अडथळ्यांत नकार वाचणाऱ्या कितीतरी आईवडिलांच्या मनात हीच भीती असते, आणि तिला देवाचं नाव दिलं की ती बोलायची गरज उरत नाही. ती उच्चारली गेली तशी त्याच्या खांद्यांची ठेवण बदललेली मला व्हिडिओ कॉलच्या पडद्यावरही दिसली. मीरा त्याच्याकडे बघून म्हणाली, “मला वाटलं ही भीती फक्त मलाच आहे.”

मग आम्ही एक वाक्य तयार केलं, त्याच्याच शब्दांत: “मला ती हवी आहे, फार हवी आहे. ती आली नाही तर मला खूप दुःख होईल, पण मी मोडून पडणार नाही. आणि तिला मला स्वीकारायला वेळ लागला तर तो तिचा हक्क आहे.” आशा टिकते ती अशा वाक्यावर. ‘हे झालंच पाहिजे’ म्हणून जी आशा धरली जाते, तिला प्रत्येक उशिरा आलेलं उत्तर घाव घालतं.

त्यानंतरची कामं सांगते, कारण वाट पाहणाऱ्या माणसाला काम लागतं. एजन्सीला आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशीच विचारायचं. पोर्टल दिवसभर उघडून बसायचं नाही. नातेवाइकांना बातमी एकाच व्यक्तीने द्यायची. इथे ते सुहासच्या बहिणीने केलं, रोजचे “काय झालं?” फोन थांबले. मुदती भिंतीवर लिहायच्या: आय-८००-ए, ठसे, होम स्टडी, पासपोर्ट. आणि मुलीसाठीची तयारी. संस्थेच्या परवानगीने त्यांनी घराच्या, शेजारच्या कुत्र्याच्या, तिच्या खोलीच्या फोटोंचा अल्बम पाठवला. मग व्हिडिओ कॉल सुरू झाले. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूने बोलायचं, चेहरा उजेडात ठेवायचा, कॉल दहा मिनिटांत संपवायचा, आणि आदेश होईपर्यंत “तू कधी येणार” हा विषय काढायचा नाही.

याच काळात एका नातलगाने “ओळखीच्या दवाखान्यात बाळ आहे, लगेच मिळेल” असं सुचवलं. निराश माणसाला हे दैवी दान वाटू शकतं. प्रक्रिया डावलून दिलं-घेतलेलं मूल हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, पैसे देऊन घेतलं तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. शिवाय अशा मुलाला परदेशी नेण्याचा मार्गच राहत नाही. अमेरिकेत तर दूतावासाच्या कलम ५ च्या पत्राआधी मुलाचा ताबा किंवा दत्तक आदेश घेतला, तरी व्हिसा अडकतो. (ग्रीन कार्ड किंवा एच-१बी वर असलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. या हेग प्रक्रियेसाठी जोडप्यातला एक जण अमेरिकी नागरिक असावा लागतो. हे आधी विचारून घेतलं तर पुढचा मनस्ताप वाचतो.)

आदेश झाला. मुलीने संमती दिली, पण सुहासकडे पहिल्या दिवशी गेली नाही. तो जमिनीवर बसून चित्रं रंगवत राहिला. आम्ही याचीच तयारी केली होती.

ती न्यू जर्सीला पोचल्यावरही आमचं बोलणं सुरू राहिलं. दोन वर्षांत सहा पाठपुरावा अहवाल जातात, पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी. त्यात ‘छान रुळली’ एवढंच लिहू नये. ती रात्री संस्थेतल्या ताईंना हाका मारते, पोळी उशीखाली ठेवते, हेही लिहावं. त्यावर मदत मिळते.

राहिला आजींचा नवस. त्यांना तो फेडायचा होता आणि नातीला सांगायचं होतं, “माझ्या नवसाने आलीस तू. देवाने तुला आमच्यासाठीच जन्माला घातलं.” मीराने मला विचारलं की आईंना कसं समजवू. नवस फेडावा, आजींचं समाधान मोलाचं आहे. पण ते वाक्य त्या मुलीला देऊ नये. तिला जन्म देणारी आई होती, तिचं काहीतरी तुटलं, तेव्हा ती या घरात आली. ‘आमच्यासाठीच जन्मलीस’ म्हटलं की त्या आईबद्दल विचारायची सोय तिला राहत नाही, आणि कधी राग आला तर तो देवावर आणि आजीवर दोघांवर काढावा लागतो. आजींनी म्हणायचं ते असं: “तू यावीस म्हणून आम्ही खूप वाट पाहिली. तू आलीस तेव्हा मी वाडीला जाऊन पेढे ठेवले.” यात खोटं काही नाही आणि तिच्यावर ऋणही नाही.

तो तीन रकान्यांचा तक्ता आता मीराने निळ्या फाइलमध्ये ठेवलाय, बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, दत्तक आदेश, हेग कराराच्या कलम २३ चं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला) आणि संस्थेतल्या फोटोंसोबत. अठरा वर्षांची झाली की मुलीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी आईवडिलांसोबत. तेव्हा हे सगळं तिला लागेल. तक्त्याचा तिसरा रकाना तिला दाखवायचा की नाही, हे सुहासने अजून ठरवलेलं नाही.