एम.टेक.साठी गिटहबवरचे ५०० प्रोजेक्ट घेऊन ‘कॉमेंट्स जास्त तर बग कमी’ हे दाखवायचं आहे. टूल कोणतं वापरू? गाईड म्हणतात डेटा मोठा आहे, लेबलमधल्या चुका आपोआप जिरतील. खरं आहे का?

टूलचं आधी सांगतो: पायड्रिलर. कोणत्या कमिटमध्ये (कोडमधल्या एका नोंदवलेल्या बदलात) कोणती फाइल बदलली, किती ओळी आल्या-गेल्या, सगळं मिळतं. कॉमेंटच्या (कोडमध्ये वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या टिपांच्या) ओळी मोजायला क्लॉक (cloc) हे टूल पुरे.

आता गाईडचं वाक्य. लेबल म्हणजे कोणता कमिट बग दुरुस्तीचा आणि कोणता नाही, ही खूण. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे आणि त्यावर इतका वाद घातला आहे, की हे उत्तर त्याच्यासाठीच लिहितो आहे. चुका जिरत नाहीत. चूक सगळीकडे सारखी पसरलेली असेल तरच तिची धार कमी होते, आणि तुमच्या विषयात ती सारखी पसरलेली नसणारच.

बैशाखी राय आणि सहकाऱ्यांचा २०१४चा एफएसई या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या परिषदेतला निबंध घ्या. ७२९ प्रोजेक्ट, १७ भाषा, सुमारे १५ लाख कमिट. कोणत्या भाषेत बग जास्त, कोणत्या भाषेत कमी, हा प्रश्न. ११ भाषांसाठी संबंध ‘सिग्निफिकंट’ (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा) आला. २०१९मध्ये एमरी बर्गर, यान विटेक वगैरे मंडळींनी तोच डेटा पुन्हा उघडून तपासला आणि ११ पैकी ४च भाषा टिकल्या. मॉडेल बदलण्याआधी त्यांनी फाइली उघडून पाहिल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. टाइपस्क्रिप्ट ही भाषा जाहीर झाली ऑक्टोबर २०१२मध्ये. डेटात तिचे कमिट त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून होते. कारण ‘.टीएस’ हे एक्स्टेंशन क्यूटी या टूलकिटच्या भाषांतराच्या फाइलींनाही असतं. टाइपस्क्रिप्टच्या नावावर ४१ प्रोजेक्ट होते, खरे १६ निघाले. व्ही८ हे जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन सी++मध्ये लिहिलेलं, पण ‘.सीसी’ फाइली मोजल्याच नव्हत्या, त्यामुळे ते जावास्क्रिप्टच्या खात्यात गेलं. आणि मेसेजमधल्या शब्दांवरून ‘बग दुरुस्ती’ ठरवलेल्या कमिटपैकी सुमारे ३६ टक्के बग दुरुस्ती नव्हतेच. १५ लाख कमिट असूनही हे जिरलं नाही.

तुमच्याकडे हे कसं होईल ते बघा. एका टीममध्ये कॉमेंट नीट लिहायची सवय आहे. तीच टीम कमिट मेसेजही नीट लिहिणार: ‘रिकामी यादी आल्यावर क्रॅश व्हायचं, ते फिक्स केलं’. दुसरी टीम कॉमेंट लिहीत नाही आणि मेसेजमध्ये नुसतं ‘अपडेट’ टाकते. दोघांकडे खरे बग १००-१००. तुम्हीही मेसेजमधले ‘बग’, ‘फिक्स’ असे शब्द शोधूनच बग मोजणार असाल, तर ही पद्धत पहिल्या टीमचे ९० पकडेल, दुसरीचे ४०. निष्कर्ष काय येणार? कॉमेंट्स जास्त तर बग जास्त. ५०० ऐवजी ५,००० प्रोजेक्ट घेतले तर हाच चुकीचा निष्कर्ष आणखी छोट्या पी-व्हॅल्यूसह, म्हणजे आणखी खात्रीचा भासून, येईल. लेबलची चूक आणि तुमचा मुख्य घटक एकमेकांना बांधलेले आहेत. हे गाईडना कागदावर मांडून दाखवा.

म्हणून रिग्रेशनच्या (कॉमेंट आणि बगमधला संबंध आकड्यात काढण्याच्या) आधी ४०० कमिट यादृच्छिक काढा (९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरली तर ३८४ लागतात). दोघांनी स्वतंत्रपणे वाचून लेबल लावा, कोहेनचा कप्पा (kappa, दोघांची लेबलं किती जुळली याचं माप) काढा. ०.६च्या खाली आला तर तुमची ‘बग’ची व्याख्याच ढिली आहे, ती पुन्हा लिहा आणि नव्या ४००वर लेबल लावा. एका कमिटला २ मिनिटं धरली तर माणशी साधारण १३ तास. आणि चुकीचं प्रमाण कॉमेंट जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या प्रोजेक्टसाठी वेगवेगळं काढा. एकत्र काढलेला आकडा इथे काही कामाचा नाही.

शब्द शोधताना शब्दाची सीमा लावा. नाहीतर ‘डीबग’मध्ये बग सापडतो, ‘डिफॉल्ट’मध्ये फॉल्ट आणि ‘प्रीफिक्स’मध्ये फिक्स.

कॉमेंटच्या बाजूलाही तितकीच घाण आहे. जावाची एक छोटी फाइल: वर अपाचे लायसन्सच्या १६ ओळी, खाली कोडच्या २४. क्लॉक म्हणेल ४० टक्के कॉमेंट. वाचणाऱ्याला उपयोगी ओळ एकही नाही. लायसन्सचा मथळा, आयडीईने (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरने) आपोआप टाकलेले जावाडॉक (जावातल्या माहितीच्या कॉमेंट) आणि कॉमेंट करून ठेवलेला जुना कोड आधी काढून टाका. पायथनचे डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं ते सांगणारा मजकूर) क्लॉक कॉमेंटमध्ये धरतं, हेही लक्षात ठेवा. नक्कल केलेल्या फाइली हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा, मजकूर सारखा तर ठसा सारखा) काढून वगळा: २०१७च्या देजाव्ह्यू अभ्यासात गिटहबवरच्या ४२.८ कोटी फाइलींपैकी वेगळ्या फक्त ८.५ कोटी निघाल्या होत्या.

कॉमेंटचं प्रमाण बग मोजण्याच्या कालखंडाआधी मोजा, नाहीतर दुरुस्ती करताना टाकलेली कॉमेंटच ‘कारण’ म्हणून मोजली जाईल. फाइलीचा आकार मॉडेलमध्ये हवाच. खालिद एल इमाम यांनी २००१मध्येच दाखवलं की क्लासचा आकार धरला की कोडच्या मापांचा दोषांशी दिसणारा संबंध उरत नाही. शिवाय अवघड जागीच माणूस जास्त कॉमेंट लिहितो. हा गुंता निव्वळ आकडेवारीने सुटत नाही, म्हणून ‘कॉमेंट्समुळे’ हा शब्द प्रबंधात वापरू नका. ‘संबंध आढळला’ एवढंच लिहा.

माझं मत विचाराल तर कॉमेंट किती यापेक्षा कॉमेंट खरी आहे का, हा विषय कितीतरी चांगला. २००७च्या आयकॉमेंट या कामात लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाचेमधल्या कॉमेंट कोडशी ताडून ६० विसंगती काढल्या. त्यातले ३३ नवे बग होते आणि २७ चुकीच्या कॉमेंट.

दोन गोष्टी राहिल्या. २०१४च्या लेखकांनी फेरतपासणीला लेखी उत्तर दिलं आहे, तेही वाचा. भाषेचा परिणाम लहान आहे हे त्यांनी मूळ निबंधातच म्हटलं होतं, आणि त्यांनी डेटा दिला म्हणूनच तो तपासता आला. दुसरं, तुमच्याकडे एकच सेमिस्टर असेल तर ५००चा नाद सोडा. जिरा (बग आणि कामं नोंदवायची प्रणाली) वापरणारे अपाचेचे २० जावा प्रोजेक्ट घ्या. तिथे मेसेजमध्ये इश्यूचा (जिरातल्या नोंदीचा) नंबर लिहिण्याची पद्धत आहे, शब्द शोधत बसावं लागत नाही. पण जिरातल्या ‘बग’ या शिक्क्यावरही डोळे मिटून विसंबू नका. हर्झिग, यूस्ट आणि झेलर यांनी २०१३मध्ये पाच प्रोजेक्टमधले ७,०००हून जास्त रिपोर्ट हाताने वाचले, तेव्हा ‘बग’ म्हणून नोंदवलेल्यांपैकी ३३.८ टक्के बग नव्हते. ४०० वाचायचे ते इथेही वाचायचेच.