पेटंटसाठी एफडी मोडू नका, आधी आजीचं नाव परत घ्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एका टॉवेल उत्पादकाचं पत्र आलंय. वय ४४, सहा माग, वर्षाची उलाढाल ९० लाखांच्या आसपास, सगळं जाऊन हातात ११ लाख. त्यांनी शिलाई न घालता मागावरच खिसा विणलेला टॉवेल काढलाय. जिमला जाणारी मुलं त्यात किल्ली, मोबाइल ठेवतात. एक सल्लागार कंपनी त्याचं 'जागतिक पेटंट' साडेचार लाखांत करून देतो म्हणते. २५ हजार टोकन देऊनही झालेत. आता मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ५ लाखांची एफडी मोडावी की बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढावं, एवढंच त्यांना विचारायचंय.

दोन्ही करू नका.

'जागतिक पेटंट' अशी वस्तूच नाही. पेटंट देशागणिक घ्यावं लागतं. पीसीटी या पेटंटविषयक आंतरराष्ट्रीय कराराखाली एक सामाईक अर्ज करता येतो, पण त्याने फक्त पहिल्या अर्जापासून अडीच वर्षांची सवड मिळते. पुढे प्रत्येक देशात वेगळा अर्ज आणि वेगळी फी. भारतात वैयक्तिक अर्जदाराला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी १,६०० रुपये, तपासणीची ४,०००. मसुदा लिहिणाऱ्या नोंदणीकृत पेटंट एजंटची फी वेगळी, आणि चांगल्या मसुद्याला ती द्यावीच. पण तुम्ही जोडलेल्या माहितीपत्रकात साडेचार लाखांचा हिशेब एका ओळीतही नाही. आहे ती फक्त 'वर्षाला २० लाख रॉयल्टी'. टॉवेलमागे २ रुपये धरले तर त्यासाठी १० लाख टॉवेल विकले जायला हवेत. तुमचे महिन्याला ९०० जातात, म्हणजे वर्षाला ११ हजार. तुमच्या नव्वदपट माल दुसऱ्यांनी विणायचा आणि आपणहून तुम्हाला पैसे आणून द्यायचे! असली स्वप्नं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात मोडली जाते ती मुलीच्या फीची एफडी.

शिवाय हे पेटंट तुम्हाला मिळणारही नाही. पेटंटला नावीन्य लागतं आणि ते अर्जाच्या तारखेला मोजतात. तुम्ही दीड वर्षापासून हा टॉवेल विकताय, पुण्याच्या व्यापारी प्रदर्शनात मांडलाय, इन्स्टाग्रामवर खिसा उलटा करून विणकाम दाखवलंय. तो व्हिडिओ तारखेसकट तुमच्याच विरुद्धचा पुरावा आहे. प्रदर्शनासाठी कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. तुमचे तर १२ महिनेही उलटले. टोकन लेखी मागा, मिळालं तर मिळालं. खिसा विणण्यासाठी मागावर केलेली जोडणी अजून बाहेर कुणी पाहिलेली नाही असं तुम्ही लिहिता. ती तशीच राहू द्या. ती बसवणाऱ्या कारागिराशी गुप्ततेचा लेखी करार करा आणि कारखान्यात मोबाइलने चित्रीकरण बंद करा. पुढची नवी डिझाइन मात्र व्हिडिओ टाकण्याआधी नोंदवा. तिची फी तुमच्यासारख्याला १,००० रुपये आहे, संरक्षण १० वर्षांचं, वर ५ वर्षं वाढवून मिळतं.

इथवर तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात: 'ब्रँडचं रजिस्ट्रेशन मुंबईच्या वितरकानेच तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या फर्मच्या नावाने करून घेतलं, आमचा खर्च वाचला.'

ते वाचून मी पत्र खाली ठेवलं.

ते नाव तुमच्या आजीचं आहे. १९९१ च्या बिलबुकाचा फोटो तुम्ही पाठवलाय: वर निळ्या शाईत तिचं नाव, खाली आजोबांची सही, कोपऱ्यात वाहतुकीच्या बिल्टीचा नंबर. तुमचा पाऊण माल हा वितरक उचलतो, म्हणजे ११ लाखांतले ८ लाख त्याच्या हातून येतात. उद्या त्याने पानिपतचा स्वस्त टॉवेल घेऊन त्याला तेच लेबल लावलं, तर कागदोपत्री मालक तोच. वर तुम्हालाच नोटीस पाठवू शकतो की हे नाव वापरू नका. वाचलेला खर्च किती? लघुउद्योगाला ऑनलाइन ट्रेडमार्क, म्हणजे ब्रँडच्या नावाच्या नोंदणीच्या, अर्जाची फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये. टॉवेल चोविसाव्या वर्गात येतो, म्हणजे एकच अर्ज पुरला असता.

सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे आपण सुरक्षित, असंही तुम्ही लिहिलंय. ते मानांकन इथल्या सगळ्या उत्पादकांचं. त्याने 'सोलापुरी' हा शब्द जपला जातो, आजीचं नाव नाही.

अजून वेळ आहे. ट्रेडमार्क कायद्यात आधीपासून सलग वापर करणाऱ्याचा हक्क मानला जातो आणि चुकीची नोंदणी रद्द करून मागता येते. पण नोंदणी माहीत असूनही सलग पाच वर्षं वापर चालू दिला, तर ती रद्द मागण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. तुमची तीन गेली.

या आठवड्यात पेटंट-ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा. शोध फुकट आहे. मालक म्हणून कुणाची नोंद आहे, कोणत्या वर्गात आहे, ते छापून घ्या. मग पुरावा गोळा करा: १९९१ पासूनची बिलबुकं, बिल्ट्या, लेबल छापणाऱ्या प्रेसची बिलं, विक्रीकराचे आणि जीएसटीचे कागद. पोटमाळ्यावरच्या वह्यांना वाळवी लागायच्या आत सगळं स्कॅन करा. त्यानंतर ट्रेडमार्कचा वकील गाठा आणि वितरकाकडे समक्ष जा, फोनवर हा विषय काढू नका. भांडायचं नाही. 'बँकेला कागद हवेत, नाव आमच्याकडे वळवून द्या' म्हणा. कर्ज मागायला गेलात तर बँक खरंच विचारेल. कबूल झाला तर नाव तुमच्याकडे सोपवल्याचा करार करून घ्या आणि त्याची नोंद ट्रेडमार्क रजिस्ट्रीत करा. नुसत्या स्टॅम्प पेपरवर थांबू नका. त्याला वापराचा परवाना द्या, पण त्यात मुदत आणि अटी लिहा. टाळाटाळ केली तर रद्द करण्याचा अर्ज. तोवर सोलापूर-पुण्याच्या दुकानांना थेट माल द्यायला लागा. पाऊण धंदा एका माणसाच्या मर्जीवर असेल, तर घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

वकील आणि कागदपत्रांसाठी ७५ हजार बाजूला ठेवा. महिन्याच्या नफ्यातून पंधरा-पंधरा हजार काढले तर पाच महिन्यांत उभे राहतात.

आणि हो, वर्षाला १८ हजार हप्ता भरून तुमच्या जिवाला ३ लाखांचं विम्याचं कवच आहे. घरखर्च महिन्याला ४५ हजार, म्हणजे सात महिनेही पुरणार नाही. तेवढ्याच हप्त्यात, तब्येत ठीक असेल, तर मोठ्या रकमेचा टर्म विमा मिळेल. आधी तो घ्या, पॉलिसी हातात पडली की जुन्याचा विचार करू. एफडी आहे तिथे राहू द्या, जूनमध्ये मुलीची फी त्यातूनच भरायची आहे.