ग्रस्त चंद्र असतो, राहू नव्हे

प्रश्न आहे: जपानी छायाचित्रकार नोबुयोशी अराकी यांच्याविषयी लिहिताना 'वादग्रस्त' म्हणावं की 'विवादास्पद'? आणि चारशेच्या वर पुस्तकं काढणाऱ्या माणसाच्या कामाला मराठीत काय म्हणावं?

'विवादास्पद'च. 'वादग्रस्त कलावंत', 'वादग्रस्त नेते' वाचून वाचून वीट आलाय. दोन्ही शब्द एकच, असं ठासून सांगणाऱ्या जाणकारांनी 'ग्रस्त'कडे नीट पाहिलेलंच नाही. ग्रस् म्हणजे गिळणं. खग्रास, खंडग्रास यातूनच आले. पंचांग उघडा: ग्रहण लागलेलं असतानाच चंद्र उगवला तर ग्रस्तोदय, सुटण्याआधी मावळला तर ग्रस्तास्त. गिळला जातो तो ग्रस्त, गिळणारा नाही! पूरग्रस्त, भूकंपग्रस्त तसेच. प्रकल्पग्रस्त म्हणजे ज्याची जमीन गेली तो, धरण बांधणारा नव्हे. भावकीच्या भांडणात अडकलेलं शेत वादग्रस्त, हे चोख मराठी.

आता अराकी. 1992 साली प्रदर्शनातल्या चित्रांवरून अश्लीलतेचा ठपका आला, दंड झाला. तेवढ्यापुरतं त्यांना एक वेळ ग्रस्त म्हणा. पण 2018 मध्ये एका नर्तिकेनं जाहीरपणे लिहिलं, की 2001 ते 2016 आपण त्यांच्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलो, लेखी करार कधीच नव्हता, आपली चित्रं कुठे, कशी वापरायची हे आपल्याला विचारलं जात नव्हतं. इथे अराकींना 'ग्रस्त' म्हणायचं? मग त्या बाईंसाठी कोणता शब्द उरला?

'आस्पद' मात्र पाहण्यासारखा आहे. आ आणि पद यांच्या मध्ये हा स् आला कुठून? पाणिनीनं त्यासाठी वेगळं सूत्रच केलंय: 'आस्पदं प्रतिष्ठायाम्'. प्रतिष्ठा म्हणजे इथे मानमरातब नव्हे. पाय रोवायची जागा, ठाव. वादाला उभं राहायला जो जागा देतो तो विवादास्पद. माझ्या मते अराकींनी ही जागा 1971 मध्येच दिली. त्या वर्षी पत्नी योको यांच्यासोबतच्या मधुचंद्राची चित्रं त्यांनी स्वखर्चानं, हजार प्रतींत छापली आणि त्यातच लिहिलं, की 'मी' सांगणारी कादंबरीच, म्हणजे लेखक स्वतःचं आयुष्य उघड मांडतो ती, छायाचित्रणाच्या सर्वांत जवळची. खासगी आणि जाहीर यांतला उंबरठाच त्यांनी काढून टाकला. योको 1990 मध्ये गेल्या, तेव्हाची चित्रंही त्यांनी छापली. पुढचा प्रत्येक वाद याच जागेवर उभा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: 'विपुल लेखन' म्हणतो तसं 'विपुल छायाचित्रण' म्हणा.